डायलिसिसच्या खाटा वाढवाच, पण घरच्या डायलिसिसलाही योजनेत घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

किडन्या निकामी झालेल्यांचे रक्त स्वच्छ करणाऱ्या नागपुरातल्या डायलिसिस केंद्रांवर रुग्णांना किती थांबावे लागते, याविषयीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. यंत्रे वाढवा, आणखी एक पाळी सुरू करा, तंत्रज्ञांची रिकामी पदे भरा, असे तिच्यात म्हटले आहे आणि त्यातला शब्द न् शब्द मला मान्य आहे. तरी बातमी वाचून झाल्यावर मन खट्टू झाले. एवढ्या मोठ्या मजकुरात पोटाच्या डायलिसिसचा, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिसचा, एका ओळीतही उल्लेख नव्हता. मी याच डायलिसिसवर जगतो आहे, कामावर जातो आहे. म्हणून हे पत्र. थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी कळमना बाजारात संत्र्याच्या एका अडतीवर दिवाणजी आहे. आंबिया बहाराचा माल दिवाळीच्या आगेमागे येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या दिवसांत सकाळी हर्रास, म्हणजे लिलाव, सुरू व्हायच्या आत दिवाणजी गादीवर हजर असावाच लागतो. काटोल, नरखेड, वरुडकडचा शेतकरी रात्रभर गाडीत बसून आलेला असतो. त्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, वेळेत निघाली नाही तर त्याचा परतीचा दिवस वाया जातो. किडन्या निकामी झाल्याचे कळले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी हाच हिशेब आला. जुन्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने त्या आतून पोखरल्या होत्या. पायांवर सूज, तोंडाला सतत मळमळ आणि एक दिवस दमच लागला. दवाखान्यात मानेत नळी टाकून तातडीने रक्ताचे डायलिसिस, म्हणजे रक्त बाहेर काढून यंत्रातून स्वच्छ करून परत सोडणे, सुरू झाले. त्या डायलिसिसने माझा जीव वाचवला, हे मी कधीच विसरणार नाही.

पण आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, शिवाय जाणे-येणे आणि नंतर अंगातले त्राण गेल्यामुळे झोपून काढलेली संध्याकाळ, एवढे सगळे सांभाळून अडतीची नोकरी होत नाही. मालक भले माणूस. ते म्हणाले, "भाऊ, जागा तुझीच आहे, पण हंगामात मला माणूस तर लागेल ना?" त्यांचे काही चुकत नव्हते.

माझ्या शेजारच्या खाटेवर गोंदिया जिल्ह्यातला एक धान-शेतकरी होता. त्याच्या तालुक्याजवळ केंद्र नव्हते, म्हणून बायकोला घेऊन नागपुरात खोली भाड्याने करून राहिला होता. शेत ठेक्याने दिलेले, मुले आजीजवळ. डायलिसिस योजनेतून फुकट होत होते, पण खोलीचे भाडे, दोघांचे जेवण आणि बुडालेली मजुरी कोणत्याच योजनेत बसत नव्हती. आजार झाला म्हणून गाव सुटले, असे तो एकदा म्हणाला. त्याला पोटाच्या डायलिसिसबद्दल कुणी काही सांगितले नव्हते. मलाही नव्हते. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे रिपोर्ट दाखवायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारले, "तुम्ही काम करता ना? मग पोटाचे का करत नाही?" हा पर्याय जगात आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

वाचकांपैकी अनेकांनी हा प्रकार पाहिला नसेल, म्हणून थोडे समजावून सांगतो. आपल्या पोटाच्या आत, आतड्यांभोवती एक पातळ अस्तर असते. त्याला पेरिटोनियम म्हणतात आणि त्यात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. बेंबीच्या बाजूला छोटी शस्त्रक्रिया करून एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून ग्लुकोज आणि क्षार असलेले निर्जंतुक पाणी पोटात सोडायचे आणि काही तास तसेच ठेवायचे. रक्तातली घाण त्या अस्तरातून या पाण्यात उतरते आणि अंगातले जास्तीचे पाणी ग्लुकोज ओढून घेते. मग ते काढून टाकायचे आणि ताजे भरायचे. शरीराबाहेर रक्ताचा थेंबही जात नाही. हाताने करायचे तर दोन-दोन लिटरच्या पिशव्या दिवसातून तीन-चार वेळा बदलाव्या लागतात. पिशवी उंच टांगली की पाणी आपल्या वजनाने पोटात उतरते, खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत आपल्या वजनाने बाहेर येते. त्याला वीज लागत नाही. मी सुरुवात अशीच केली. अडतीच्या माडीवरची एक छोटी खोली मालकांनी चुना मारून, दार घट्ट बसवून दिली, दुपारची पिशवी मी तिथेच बदलायचो.

नंतर यंत्र आले. मोठी मुलगी पुण्यात नोकरीला आहे, यंत्राचे भाडे ती भरते. दिवाणाशेजारच्या टेबलावर मावेल एवढे ते असते. रात्री साडेनऊच्या सुमारास जोडायचे आणि सकाळी साडेसहाला सोडायचे. यंत्र आधी पोटातले जुने पाणी काढते, नवे पाणी अंगाच्या उबेइतके गरम करून भरते, ठरलेला वेळ थांबते, पुन्हा काढते, पुन्हा भरते. रात्रभर हे चालू असते आणि मी झोपलेला असतो. पहाटे किती पाणी जास्तीचे निघाले हा आकडा पडद्यावर येतो. तो, सकाळचे वजन आणि रक्तदाब मी वहीत लिहितो. सातला घरातून निघतो आणि हर्रासाला हजर असतो.

हे सगळे सोपे आहे असे मी म्हणणार नाही. जोडण्याआधीची तयारी हा या उपचाराचा गाभा आहे आणि तिच्यात एकाही रात्री सूट नाही. हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे आणि कोरड्या स्वच्छ कापडाने पुसायचे. तोंडावर मास्क. पिशवीवरची तारीख, टक्केवारी आणि पाण्याचा स्वच्छपणा बघायचा, पिशवी दाबून कुठे गळते का ते बघायचे. आमच्याकडे येणाऱ्या पिशव्यांच्या कड्या पिवळ्या, हिरव्या आणि लाल रंगाच्या असतात. पिवळी दीड टक्के ग्लुकोजची, हिरवी अडीचची, लाल सव्वाचारची. पायावर सूज असेल, वजन चढले असेल तर डॉक्टरांना विचारून हिरवी लावतो. लाल क्वचितच, कारण तिच्यातली साखर रक्तात उतरते आणि अस्तरालाही ती जड जाते.

आणि दारे-खिडक्या बंद, पंखा बंद, कूलर बंद. नागपूरच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्री साडेनऊलाही भिंती तापलेल्या असतात. कूलरचा वारा म्हणजे टाकीतले पाणी, खसाचा भुसा आणि बाहेरची धूळ सरळ खोलीत. नळीचे तोंड उघडे असताना त्यातला एक कण जरी आत गेला तरी पोटात जंतुसंसर्ग होऊ शकतो. म्हणून जोडणी होईपर्यंत आम्ही दोघे नवरा-बायको घामाने निथळत, गप्प, मास्क लावून बसतो. जोडून झाले, सगळ्या चिमट्या तपासल्या की मगच कूलर चालू. माझी पत्नी हे शिस्तीने करते. त्या वेळात तिच्या बहिणीचा फोन आला तरी ती उचलत नाही. तिच्याबद्दल मला जे वाटते ते लिहिण्याची ही जागा नव्हे, पण तिच्याशिवाय हे यंत्र माझ्या काही कामाचे नव्हते.

साठ्याचाही विचार करावा लागतो. रात्रीला दहा लिटर धरले तरी महिन्याचे तीनशे लिटर, म्हणजे तीनशे किलोहून जास्त वजन आमच्या घरात खोक्यांमध्ये रचलेले असते. ही खोकी पत्र्याखाली ठेवता येत नाहीत, उन्हाने पाणी तापून चालत नाही. आमचे घर नंदनवनात तळमजल्यावर आहे, वर स्लॅब आहे, म्हणून निभते. ज्याचे घर टिनाचे आहे त्याने पंचेचाळीस अंशांत खोकी कुठे ठेवावीत? हा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर रुग्णावर सोडून चालणार नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात एक थंड कोपरा या खोक्यांसाठी राखून ठेवायला कितीसा खर्च येईल?

सकाळी नळीतून निघालेले पाणी बघणे हे रोजचे काम. ते फिकट पिवळे, पण पारदर्शक हवे. शिकवणाऱ्या सिस्टरनी आम्हाला साधी युक्ती दिली: भरलेल्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरा, अक्षरे वाचता आली तर पाणी चांगले. आमच्या घरी ते वर्तमानपत्र आपलेच असते. एका पावसाळ्यात सकाळी मथळासुद्धा वाचता आला नाही. पोटात कळ, थंडी वाजून ताप. हाच तो पेरिटोनायटिस, पोटातला जंतुसंसर्ग, ज्याची भीती आम्हाला पहिल्या दिवशीच घातलेली असते. आमचे डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून जवळच्या एका रुग्णालयात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी पोटाची ही नळी कधी पाहिलेली नव्हती. पाण्याचा नमुना तपासायला पाठवायचा असतो, अँटिबायोटिक पिशवीतूनच पोटात द्यायचे असते, हे माझी पत्नी त्यांना सांगत होती आणि तिचे ऐकावे की नाही हे त्यांना ठरवता येत नव्हते. शेवटी फोनवर आमच्या डॉक्टरांशी बोलणे झाले आणि उपचार सुरू झाले. मी बरा झालो, नळीही वाचली. त्या रुग्णालयाला मी दोष देत नाही. त्यांना हे कुणी शिकवलेच नव्हते. पण नागपूरसारख्या शहरात ही स्थिती असेल, तर अहेरी किंवा देवरीसारख्या दूरच्या तालुक्यातल्या माणसाने गढूळ पिशवी घेऊन कुणाकडे जावे?

आता मुद्द्यावर येतो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, तो रक्ताच्या डायलिसिसपासून. जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली आणि गरिबाला डायलिसिस मिळू लागले, हे फार मोठे काम झाले. त्याच कार्यक्रमाखाली २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही मार्गदर्शक सूचना निघाल्या. म्हणजे सरकारला हा मार्ग माहीत आहे आणि तो मान्यही आहे. तरी माझ्या ओळखीतल्या, रांगेत बसलेल्या एकाही रुग्णाला त्याबद्दल कुणी विचारलेले नाही. मी स्वतः पिशव्यांचे पैसे खिशातून भरतो. माझ्या पगाराचा निम्म्याहून जास्त भाग त्यात जातो, पत्नी डबे करून देते आणि मुलगी हातभार लावते म्हणून चालले आहे. खाटेवर झोपून डायलिसिस केले तर योजना पैसे देते, घरी बसून केले तर आम्ही भरायचे. आजार तोच, किडन्या तशाच निकामी. हा भेद कशासाठी?

हाँगकाँगने १९८५ पासूनच, दुसरे काही वैद्यकीय कारण नसेल तर आधी पोटाचे डायलिसिस, असे धोरण ठेवले आहे. थायलंडने २००८ मध्ये ते आपल्या सार्वजनिक योजनेत आणले आणि खेड्यातल्या माणसाच्या घरापर्यंत पिशव्या पोहोचवल्या. पुढे २०२२ मध्ये तिथे रुग्णाला निवड करू दिली गेली, तेही योग्यच. मला सक्ती नको आहे. निवड मात्र हवी आणि ती पहिल्या दिवशी, मानेत नळी पडायच्या आधी, रुग्णाला समजेल अशा मराठीत सांगितलेली हवी.

विदर्भाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. आठवड्यातून तीनदा ज्याला केंद्रावर पोचायचे आहे, त्या रुग्णाने त्या दिवसांत काय करायचे? त्याच्या घरी महिन्याच्या पिशव्या असतील, त्याला आणि घरातल्या एकाला हात धुण्यापासून सगळे नीट शिकवलेले असेल, तर पूर ओसरेपर्यंत तो घरीच डायलिसिस करू शकतो. रक्ताच्या डायलिसिसला एका वेळी शंभर लिटरहून जास्त शुद्ध केलेले पाणी लागते, त्यासाठी पाणी शुद्ध करणारे संयंत्र लागते, अखंड वीज लागते. हाताने करायच्या पिशवीला एक स्वच्छ खोली, साबण आणि भिंतीत एक खिळा लागतो. अशा भागात नवे केंद्र उभे राहायला वर्षे जातील. पिशव्यांची खोकी औषधांच्या गाडीतून उद्यासुद्धा जाऊ शकतात.

सगळ्यांना हे चालेल असे नाही, हेही प्रामाणिकपणे लिहायला हवे. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या असतील, हर्निया असेल, घरात मदतीला कुणी नसेल आणि स्वतःला डोळ्यांनी नीट दिसत नसेल, तर डॉक्टर दुसरा मार्ग सांगतील. पाण्याबरोबर रोज अंगातली प्रथिनेही जातात. म्हणून डाळ, अंडी, मासळी यांची सोय हवी, आणि गरिबाच्या घरी तिथेच अडते. काही वर्षांनी अस्तराची ताकद कमी होऊ शकते. मलाही वजन उचलायची मनाई आहे, संत्र्याचे कॅरेट मी आता हलवत नाही. रामटेकला गेलो तरी जंतुसंसर्गाच्या भीतीने अंबाळा तलावाच्या पाण्यात उतरत नाही. पोट साफ नसले की पाणी बाहेर यायला अडते आणि रात्री दोनला यंत्र ओरडते, नळी अंगाखाली दबली तरी ओरडते. हे सगळे आहे. पण जे मिळाले तेही सांगतो. रक्ताच्या डायलिसिसवर असताना, फळांतले पोटॅशियम रक्तात साचेल या भीतीने मला संत्रे बंद होते. आयुष्य संत्र्यात गेलेल्या माणसाला तो वास घेऊन गप्प बसावे लागायचे. पोटाचे डायलिसिस रोज चालते, त्यामुळे माझे पोटॅशियम आटोक्यात राहू लागले आणि रक्त तपासून डॉक्टरांनी दिवसाला एक संत्रे खायची परवानगी दिली. (इतर रुग्णांनी हे वाचून आपल्या मनाने खाऊ नये, आपापल्या डॉक्टरांना विचारावे.) मुलीच्या साखरपुड्याला अमरावतीला गेलो तेव्हा यंत्र घरी ठेवले, हाताच्या पिशव्या नेल्या आणि पाहुण्यांच्या खोलीत खिडकीच्या गजाला पिशवी टांगून पाणी बदलले.

आपल्या दैनिकामार्फत माझे मागणे एवढेच की, राज्याच्या आरोग्य योजनेत रक्ताच्या डायलिसिसला जसा खर्च मिळतो, तसा घरच्या डायलिसिसच्या पिशव्यांना मिळावा आणि पिशव्या तालुक्यापर्यंत पोहोचवाव्यात. नागपुरात मेडिकल कॉलेजचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे, मिहानला एम्स आहे. विदर्भातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयातून निदान दोन परिचारिकांना इथे बोलावून हे शिकवावे आणि गढूळ पिशवी घेऊन येणाऱ्या रुग्णाचे पहिल्या तासात काय करायचे, याचा मराठी तक्ता तालुक्याच्या दवाखान्यात लावावा. वीज देणाऱ्यांनी घरी उपचाराचे यंत्र असलेल्या ग्राहकांची यादी ठेवावी आणि दुरुस्तीसाठी वीज बंद करायची असेल तर आदल्या दिवशी मोबाइलवर संदेश द्यावा. मे महिन्यातल्या वादळाने तार तुटली तर कुणाचा इलाज नाही. अशा वेळी मी चिमट्या लावून, नवे टोपण बसवून यंत्र सोडतो आणि टॉर्चच्या उजेडात हाताची पिशवी टांगतो. पण आधी ठरवलेल्या कामासाठी रात्री अचानक अंधार का व्हावा?

आपल्या वार्ताहरांनी पुढची बातमी करताना केंद्राबाहेर बसलेल्या दहा रुग्णांना एकच प्रश्न विचारावा: तुम्हाला दुसरा मार्ग कुणी सांगितला होता का? त्यांची उत्तरे छापावीत.

माझे नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये ही विनंती. ज्या रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना हे यंत्र प्रत्यक्ष बघायचे असेल, त्यांना आपण माझा पत्ता जरूर द्यावा. संध्याकाळी सातनंतर मी घरी असतो, नऊपर्यंत निवांत बोलता येईल.

आपला,
कळमना बाजारातील एक दिवाणजी
नंदनवन, नागपूर